बिनधोक तारीख

रेडिओवर सकाळच्या बातम्या संपल्या की पाच मिनिटांचा एक कार्यक्रम लागायचा. आजच्याच तारखेला पूर्वी जगात काय काय घडून गेलं, ते एक गृहस्थ घनगंभीर आवाजात सांगायचे. सगळं शहर त्यांना तारीखकाका म्हणायचं. इतकी वर्षं ते हे काम करत होते, की आता समोर कागद लागायचा नाही. तारीख कानावर पडली रे पडली, की तोंडात वर्ष यायचं आणि वर्षाच्या पाठोपाठ संकट.

संकटच, कारण लोकांना तेच आवडायचं. एखाद्या शास्त्रज्ञाचा जन्म झाला असं सांगितलं, तर स्टुडिओतला फोन ढिम्म वाजायचा नाही. जहाज बुडालं म्हटलं, की लोक हातातला चहा ठेवून फोन करायचे, "काका, कसं बुडालं? पुढून की मागून?" त्यामुळे झालं काय, की जगातल्या चांगल्या घटना काकांच्या डोक्यात माळ्यावर जाऊन पडल्या आणि बुडालेली जहाजं कायम दारात उभी.

स्टुडिओपुरतं हे ठीक होतं. पण काका डोकं घरीही घेऊन यायचे. शेजारच्या सुनेला मुलगा झाला तेव्हा ते फळं घेऊन हॉस्पिटलात गेले आणि कौतुकानं विचारलं, "कधी झाला?"

"आज पहाटे. सत्तावीस ऑगस्ट," सून म्हणाली.

काकांचा चेहरा फुलला. "वा! क्राकाताऊचा ज्वालामुखी फुटला तो दिवस! आवाज हजारो मैल गेला होता!"

त्याच क्षणी बाळानं असा काही टाहो फोडला, की नर्स धावत आली. पुढे कित्येक महिने पोर रडलं की शेजारीण भिंतीकडे बोट दाखवून म्हणायची, "ही त्यांची करणी."

काकांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, या सगळ्याची सवय होती. त्या मोटार चालवायला शिकवायच्या. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, स्वतःच्या पायाशी एक जादा ब्रेक ठेवायचा आणि गाडी खांबावर जायला लागली की तो दाबायचा, हे त्यांचं रोजचं काम. घरातही काका चारचौघांत "आजच्याच दिवशी" असं म्हणाले, की काकूंचा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला जायचा. उपयोग काही व्हायचा नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी दातांची डॉक्टर. तिचा दवाखाना चौथ्या मजल्यावर होता. एकदा ती लिफ्टमध्ये अडकली. लिफ्ट दुरुस्त करणारा तरुण बाहेरून तिला धीर देत होता. "घाबरू नका, मॅडम. मी आहे."

आतून आवाज आला, "मी घाबरले नाहीये. तुम्ही बोलताना उजवा गाल वाचवताय. अक्कलदाढ दुखतेय का?"

बाहेर त्याचा हात गालावर गेला. मग तो म्हणाला, "पंधरा दिवस झाले."

त्यानं तिला बाहेर काढलं, तिनं त्याची दाढ काढली, आणि वर्षाच्या आत दोघांनी लग्न करायचं ठरवलं. काका-काकू खूश झाले. मुलाची आई बेकरी चालवायची. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं भट्टी सांभाळली होती आणि तिच्या आवाजाला बेकरीतले सगळे कामगार वचकून असत. तिलाही मुलगी पसंत पडली. आता फक्त तारीख ठरवायची होती.

फक्त!

बेकरीच्या मागच्या खोलीत सगळे जमले. पिठाच्या पोत्यांवर, स्टुलांवर, जागा मिळेल तिथे बसले. बेकरीवाल्या विहीणबाईंनी हॉलच्या व्यवस्थापकाला आधीच फोन केला होता. त्या भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी उभ्या राहिल्या आणि पिठाळलेलं बोट एका चौकोनावर ठेवून म्हणाल्या, "पंधरा एप्रिल मोकळी आहे. हवाही छान असते."

काकूंचा पाय जमिनीवर दाबला गेला.

"टायटॅनिक," काका म्हणाले.

"काय?"

"एकोणीसशे बारा. पंधरा एप्रिलच्या पहाटे टायटॅनिक बुडाली. त्या दिवशी मी माझ्या मुलीला संसारात ढकलू?"

"अहो काका, लग्न हॉलमध्ये आहे, बोटीवर नाही," जावई व्हायला निघालेला तरुण म्हणाला.

"त्या लोकांनाही वाटलं होतं ते हॉलमध्येच आहेत. एवढी मोठी बोट होती."

विहीणबाईंनी बोट पुढे सरकवलं. "बरं. सहा मे."

"हिंडेनबर्ग. आकाशात पेटलेलं विमान. म्हणजे विमान नव्हे, वायूनं फुगवलेलं—"

"राहू दे. अठरा जून."

"वॉटर्लू."

"दोन सप्टेंबर!"

इथे काका जरा चाचरले. खरं तर त्यांनी गप्प बसायला हवं होतं. पण आयुष्यभराची सवय. "सोळाशे सहासष्ट. लंडनची आग. अख्खं शहर जळालं. म्हणजे... सुरुवात एका बेकरीतून झाली होती."

भट्टीपाशी पाव काढणारा कामगार हातातलं फावडं तसंच धरून थांबला.

"बेकरीतून," विहीणबाई सावकाश म्हणाल्या.

"हो. भट्टी नीट विझवली नव्हती म्हणे."

"माझी भट्टी," विहीणबाई म्हणाल्या, "रोज रात्री मी स्वतः बघते."

"तुमची नाही हो, लंडनची!"

"तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात."

"मग कुणाकडे बघू? इथे बेकरीवाल्या तुम्हीच!"

त्या दिवशीची बैठक तिथेच मोडली. विहीणबाईंनी सगळ्यांना बांधून द्यायला म्हणून ठेवलेली बिस्किटं परत डब्यात घातली. घरी जाताना गाडी काकूंनी चालवली. वाटेत त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, पण प्रत्येक वळणावर काका दारावर आपटत होते.

मुलगी मात्र बोलली. "बाबा, अशी एक तरी तारीख आहे का, की जिला कुठेच काही वाईट झालं नाही?"

काकांनी हा प्रश्न फार मनाला लावून घेतला. आठवडाभर ते जेवताना मधेच घास धरून थांबायचे, आंघोळीला गेले की आतून "छे, छे, भूकंप!" असा आवाज यायचा. आणि एका दुपारी ते स्टुडिओतून थेट मुलीच्या दवाखान्यात शिरले. खुर्चीत एक पेशंट आ वासून बसला होता. जावईही तिथेच होता, खिडकीशी डबा खात.

"सापडली!" काका ओरडले. "एकोणतीस फेब्रुवारी! चार वर्षांतून एकदाच येते. म्हणजे वाईट घडायला संधीच कमी! साधा हिशेब आहे!"

मुलीनं हातातलं यंत्र बंद केलं. "बाबा, पुढची एकोणतीस फेब्रुवारी यायला अजून तीन वर्षं आहेत."

"थांबाल! प्रेम आहे ना एकमेकांवर?"

जावयानं डब्यातला घास खाली ठेवला. "काका, तीन वर्षांत माझी आई तुमच्यावर प्रेम करायची थांबेल. आधीच कमी आहे."

काका पुढे काही बोलणार, तेवढ्यात त्यांचा चेहराच बदलला. ते हळूहळू बाजूच्या स्टुलावर बसले.

"काय झालं?" मुलीनं विचारलं.

"अगादिर," काका पुटपुटले. "मोरोक्को. एकोणीसशे साठ. एकोणतीस फेब्रुवारी. भूकंप."

खुर्चीतला पेशंट तोंड उघडंच ठेवून काहीतरी म्हणाला. बहुधा सहानुभूतीचं असावं.

तो प्रकार संध्याकाळी काकूंच्या कानावर गेला. त्या दिवशी एका शिकाऊ गृहस्थानं त्यांची गाडी भाजीच्या गाड्यात घातली होती, त्यामुळे त्या आधीच तापलेल्या होत्या. काका सोफ्यावर डोकं धरून बसले होते. काकू समोर येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, मला एक सांगा. आपलं लग्न कुठल्या तारखेला झालं?"

काका चटकन म्हणाले, "अठरा जून. म्हणून तर पक्कं लक्षात आहे. वॉटर्लू! नेपोलियन हरला तो दिवस."

"सतरा."

"काय?"

"सतरा जून. आपलं लग्न सतरा जूनला झालं."

काका ताठ बसले. "नाही गं. मी दरवर्षी अठराला तुला फुलं आणतो."

"हो. दरवर्षी एक दिवस उशिरा. मला वाटायचं, आदल्या दिवशीची फुलं स्वस्त मिळत असतील."

"मग तू इतक्या वर्षांत बोलली का नाहीस?"

"फुलं तरी येतायत ना, म्हटलं. उगाच कशाला तोंड उघडायचं. पण आज उघडते. ज्या माणसानं स्वतःचं लग्न नेपोलियनच्या पायी एक दिवस पुढे ढकललं, त्यानं दुसऱ्यांच्या तारखा ठरवू नयेत."

काका इतके ओशाळले, की कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांना आपल्या लग्नाच्या दिवसाचं सगळं आठवत होतं. काकूंची निळी चप्पल, फोटो काढणाऱ्यानं कॅमेऱ्याचं झाकण न काढताच घेतलेले अर्धे फोटो, आणि आपण घाबरून सासऱ्यांनाच घातलेला हार. तारीख तेवढी चुकली होती. आणि ती चुकूनही एवढी वर्षं सुखाची गेली, हे त्यांच्या लक्षात यायला बराच वेळ लागला.

"ठरवा तुम्हीच," ते शेवटी म्हणाले. "मी अवाक्षर काढणार नाही."

मुलीनं दुसऱ्याच दिवशी हॉलवाल्याला फोन केला आणि मोकळी होती ती तारीख घेऊन टाकली. दहा ऑगस्ट. तिनं ती घरी सांगितली तेव्हा काकांनी दोन्ही ओठ दाताखाली घट्ट धरले. मानेच्या शिरा टरारून फुगल्या. डोळ्यांत पाणी आलं.

मुलीला दया आली. "बोला, बाबा. बोलून टाका. नाहीतर काहीतरी फुटेल."

"वासा!" काकांच्या तोंडून एकदम सुटलं. "सोळाशे अठ्ठावीस! स्वीडनच्या राजाचं नवंकोरं लढाऊ जहाज! पहिल्याच सफरीला निघालं, काठावर लोक टाळ्या वाजवतायत, वाऱ्याची एक झुळूक आली, कलंडलं आणि बंदरातच बुडालं! वजन सगळं वर, बूड हलकं, आणि तोफांच्या खिडक्या उघड्या!"

"पण दहा ऑगस्टलाच मॅगेलनची जहाजं निघाली होती ना पृथ्वीप्रदक्षिणेला? मी पण रोज तुमचा कार्यक्रम ऐकतच मोठी झालेय."

"निघाली खरी. मॅगेलन परत आला नाही."

"आणि लूव्रचं संग्रहालय?"

"हो, ते उघडलं," काका नाइलाजानं म्हणाले. "ते अजून उघडं आहे."

"झालं तर," मुलगी म्हणाली.

दिलेला शब्द काकांनी पाळला. तारखेबद्दल पुन्हा तक्रार केली नाही. फक्त लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी, मुलीला न सांगता, ते बेकरीत गेले. विहीणबाई सामान आणायला बाहेर गेल्या होत्या. मागच्या खोलीत टेबलावर लग्नाचा केक उभा होता. पाच मजली. विहीणबाईंनी आयुष्यातली सगळी कला त्यात ओतली होती. सगळ्यात वर साखरेचा महाल, त्याला कमानी, सज्जे, घुमट, आणि घुमटावर एक छोटी लिफ्टसुद्धा.

"खाली काय आहे?" काकांनी कामगाराला विचारलं.

"खाली हलका स्पंज. एकदम मऊ."

"आणि वर?"

"वर सुकामेवा ठासून भरलाय, काका. बाई म्हणाल्या, नवरा-नवरी वरचा खातात, तो भारी हवा."

काका मटकन पोत्यावर बसले. वजन वर, बूड हलकं. मग निश्चयानं उठले. त्या स्वीडनच्या जहाजाचीही निघण्याआधी एक चाचणी झाली होती. तीस खलाशांना जहाजावर या बाजूकडून त्या बाजूला पळवलं होतं, किती डुलतं ते बघायला. बेकरीत खलाशी नव्हते, पण चार धडधाकट कामगार होते.

"चला," काका म्हणाले, "टेबलाच्या या बाजूनं त्या बाजूला पळायचं. सगळ्यांनी एकदम. मी एक-दोन-तीन म्हणतो."

कामगारांना दुपारचा कंटाळा आलाच होता. ते पळाले. बेकरीची लाकडी जमीन थरथरली, टेबल हललं आणि केक असा झोकदार डुलला, की घुमटावरची लिफ्ट एक मजला खाली आली.

"पुन्हा!" काका ओरडले.

दुसऱ्या फेरीच्या मध्यावर विहीणबाई दारात उभ्या दिसल्या. हातात लाटणं होतं. ते त्यांनी कुठून घेतलं, कुणी पाहिलं नाही.

"हे काय चाललंय?"

"चाचणी," काका म्हणाले. "विहीणबाई, ऐका माझं. डोलतोय."

"बाहेर!"

"अहो, तेव्हाही चाचणी अशीच अर्ध्यावर थांबवली होती!"

"बाहेर व्हा आधी!"

लग्नाच्या दिवशी हॉल गच्च भरला. हॉल सहाव्या मजल्यावर, तिन्ही बाजूंनी मोठमोठ्या खिडक्या. केक वर आणताना काकांचा जीव टांगणीला लागला होता. पण लिफ्टला नवरदेवानं स्वतः तेल घालून ठेवलं होतं, ती लोण्यासारखी वर आली. फोटोग्राफर म्हणाला, इथे उजेड चांगला आहे, आणि त्यानं केक बरोब्बर खिडकीशी ठेवायला लावला.

काका गुपचूप फिरून एकेक खिडकी बंद करू लागले. पाहुणे घामानं निथळायला लागले. कुणी टोप्यांनी वारा घेतोय, कुणी आहेराच्या पाकिटांनी. एक मावशी खुर्चीत बसल्या बसल्या ओघळायच्या बेतात. सह्या झाल्या, टाळ्या झाल्या, नवरा-नवरी केककडे निघाली. तेवढ्यात हॉलचा व्यवस्थापक, एक गोलमटोल, अतिशय कर्तव्यदक्ष माणूस, रुमालानं मान पुसत म्हणाला, "अरे, खिडक्या कुणी लावल्या?" आणि त्यानं केकच्या मागची सगळ्यात मोठी खिडकी सताड उघडली.

वारा आत आला. फार नव्हता. एक झुळूक.

आधी पडदा फुगला आणि केकला थोपटून गेला. मग साखरेचा महाल जरासा वाकला, जसा एखादा वयस्कर पाहुणा कानात काही सांगायला वाकतो.

"बुडतोय!" काका गरजले.

"ब्रेक!" काकू किंचाळल्या आणि त्यांनी दोन्ही पाय जमिनीवर रोवले.

नवरदेव धावला, पण नवरीच्या झग्याच्या घोळात अडकला. काका मात्र कालपासून याच क्षणाची वाट बघत होते. त्या वयात माणूस अशी उडी मारू शकतो, हे तिथल्या कुणालाच माहीत नव्हतं. ते हात पसरून टेबलापुढे आडवे झाले आणि वरचे तीन मजले, कमानी, सज्जे आणि घुमटासकट, धप्पकन त्यांच्या छातीवर आले.

काका उठून बसले. मिशीवर लोणी, कपाळावर अर्धी कमान. त्यांनी चाचपून पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की तसं काकूंनी आजवर पाहिलं नव्हतं.

"झालं!" ते म्हणाले. "काय व्हायचं ते होऊन गेलं! आता काही भीती नाही!"

विहीणबाई टेबलापाशी आल्या. आधी उरलेल्या दोन मजल्यांकडे बघितलं, मग काकांकडे. सगळ्यांना वाटलं, आता लग्न मोडतंय. विहीणबाई खाली वाकल्या.

"चवीला कसा झालाय?" त्यांनी विचारलं.

काकांनी मिशीवरून जीभ फिरवली. नीट विचार केला. "अप्रतिम. पण वजन वर होतं."

विहीणबाईंनी ओठ आवळले. खांदे हलायला लागले. आणि मग त्या इतक्या मोठ्यानं हसल्या, की बेकरीचे कामगार घाबरून एकमेकांना धरून उभे राहिले. बाईंना हसताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. हसता हसता त्या काकांच्या शेजारी फरशीवरच बसल्या आणि त्यांच्या कोटाच्या खिशातला बदाम काढून खाल्ला. मग काय, सगळ्यांनीच चमचे उचलले. खालचे मजले टेबलावरून, वरचे काकांवरून, असा तो केक संपला.

घोटाळा झाला तो व्यवस्थापकाचा. आपण खिडकी उघडल्याची लाज झाकायला तो बिचारा घाईघाईनं मोठे घास घेत होता. सुकामेव्यात अक्रोडाच्या कवचाचा एक तुकडा राहून गेला होता. कडकन आवाज झाला. व्यवस्थापक गाल धरून खाली बसला.

नवरीनं बाह्या वर केल्या. "खुर्ची आणा! आ करा! अजून मोठा!"

नवरदेवानं खिशातून टॉर्च काढला. तो लग्नातही टॉर्च घेऊन आला होता. तो व्यवस्थापकाच्या तोंडात उजेड पाडत उभा राहिला आणि नवरी एका हातानं झगा सावरत आत वाकून बघत राहिली. काकूंनी त्याचं डोकं धरलं. चुकूनही हलू नये म्हणून घट्ट.

हॉल बंद करायची वेळ झाली होती. ते सांगायचं काम व्यवस्थापकाचं. त्यानं घड्याळाकडे बोट दाखवून, तोंडात कापूस आणि दोन बोटं असताना, कळकळीनं सांगितलं, "हाऑ बंऑ!"

"काय म्हणतायत?" कोपऱ्यातल्या बँडवाल्यांनी विचारलं.

"गाणं वाजवा म्हणतायत," विहीणबाई म्हणाल्या आणि काकांना हात देऊन त्यांनी नाचायला उभं केलं.